उचलून ठेवलेलं मूल

प्रिय धाकट्या,

दुरुस्तीसाठी तुझ्याकडे पाठवलेला आमच्या खेळाच्या आवाराचा नकाशा शुक्रवारी परत मिळाला. नेहमीसारखाच देखणा आहे. अक्षर तर असं की माझ्या बालवाडीच्या भिंतीवर लावावं. मी तो बुटक्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार रंगीत ठोकळे ठेवले आणि एकेक गोष्ट बोटाने ताडून पाहिली. मातीचं टेकाड आहे. हातपंप आहे, वाळूचा खड्डा आहे, वाकवलेल्या फांद्यांचा बोगदाही आहे. ओंडका नाही. त्याच्या जागी तू एक बाक काढला आहेस आणि त्याला टेकायला पाठसुद्धा दिली आहेस. तिथे बोट फिरवलं की कागद जरा खरखरीत लागतो. बाकी कुणाच्या लक्षात येणार नाही, पण लहानपणी तुझ्या चित्रांतलं चुकलेलं खोडून द्यायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे मला ते लगेच कळलं.

गुंडाळीत समितीच्या नावाने तुझं पत्रही होतं. ते मी कालच्या बैठकीत वाचून दाखवलं. अध्यक्षबाई म्हणून मिरवायची हौस होती ना, मग वाचणं आलंच. शनिवारी पुन्हा बैठक आहे आणि त्यात ओंडका ठेवायचा की उचलून न्यायचा याचा निकाल लागणार आहे. तुझं पत्र ऐकल्यावर तो जवळजवळ लागल्यातच जमा आहे. त्या पत्राची रीतसर पोच समिती देईलच. हे पत्र समितीचं नाही. हे गुरुवारी तुझ्या हाती पडावं म्हणून आजच टपालात टाकणार आहे. फोन का नाही केला असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच हसून ‘जाऊ दे गं ताई’ म्हणशील, आणि मी जाऊ देईन. आजवर तसंच होत आलं आहे.

मुलं घरी गेली आहेत. खोलीत ओल्या रंगांचा वास आहे आणि मी त्यांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसले आहे. मोठी खुर्ची ऑफिसात आहे, पण तिथे बसून हे लिहिता येईना.

तुला या जागेची सगळी हकिगत तुकड्यातुकड्यांनी कळली आहे. आज ती सलग सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. बर्फाचा कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली. त्याचं मागचं आवार मुलांच्या खेळासाठी आम्हाला मिळालं तेव्हा तिथे फुटलेलं काँक्रीट, गंजलेल्या नळ्या आणि कमरेएवढं गवत होतं, आणि मागच्या भिंतीशी वादळात पडलेली एक जुनी निलगिरी. आमची पहिली बैठक झाली तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात आपापली बाग तयार होती. डॉक्टरीणबाईंना मधोमध घसरगुंडी हवी होती. सुताराला छोटं लाकडी घर बांधायचं होतं. मला कुंपणाच्या कडेने फुलझाडं हवी होती, आणि त्यांची नावं पाट्यांवर लिहायची होती, म्हणजे मुलं खेळता खेळता वाचायला शिकतील. तू हसतो आहेस, हसून घे. एका गोष्टीवर मात्र आमचं सगळ्यांचं एकमत होतं, की ती पडलेली निलगिरी सगळ्यांत आधी उचलून न्यायची.

माळीणबाईंनी आम्हाला गप्प केलं. त्या तीस वर्षं सार्वजनिक बागेत काम करून निवृत्त झालेल्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्या म्हणाल्या, “कुणी काही आखायचं नाही. पंधरा दिवस पोरांना मोकळं सोडा आणि तुम्ही कडेला बसा.” काच-पत्रे उचलून झाल्यावर तसंच केलं. आम्हा प्रत्येकाच्या हातात मैदान आखायच्या फक्कीचा एकेक डबा दिला. मूल जिथून धावेल तिथे, ते पुढे गेलं की, पांढरी रेघ मारायची. जिथे बसून रमेल तिथे गोल काढायचा. बोलायचं नाही, बोलवायचं नाही, ‘पडशील’ म्हणायचं नाही. शेवटची अट मला सगळ्यांत जड गेली. एकतीस वर्षांच्या नोकरीत तो शब्द मी दिवसातून किती वेळा उच्चारते हे मला तेव्हा कळलं. माळीणबाई माझ्या शेजारीच बसायच्या आणि माझे ओठ हलले की कोपराने ढोसायच्या.

त्याशिवाय त्यांनी एका सकाळी आम्हाला सगळ्या आवारातून गुडघ्यांवर चालवलं. मुलाच्या डोळ्यांना काय दिसतं ते बघा म्हणाल्या. डॉक्टरीणबाई दहा पावलांतच दमल्या आणि ‘माझ्या गुडघ्यांना आता मीच औषध लिहून द्यायचं’ म्हणून बसकण मारली. सुताराच्या डोळ्यासमोर नेमका फाटकातला एक खिळा आला. इतके दिवस येताजाता कुणालाच दिसला नव्हता. मी निलगिरीपर्यंत पोचले आणि तिथे थांबले. गुडघ्यांवरून ती एवढी मोठी दिसत होती की पलीकडची भिंत दिसेना.

पंधरा दिवसांनी फक्कीच्या रेघा तुला मापं घेऊन पाठवल्या. घसरगुंडीच्या जागी एकही रेघ नव्हती. कुंपणाकडे जेमतेम दोन. बाकी सगळ्या कुठून कुठून निघून, वळसे घेत, त्या पडलेल्या झाडापाशी जाऊन मिळत होत्या. तू तेव्हा लिहिलं होतंस की मोजणीच्या कचेरीत तू वीस वर्षं गावांचे नकाशे काढतो आहेस, पण एवढे रस्ते एका ठिकाणी मिळालेलं गाव अजून पाहिलं नाहीस. ते वाक्य मी समितीला वाचून दाखवलं होतं. त्या एका वाक्यावर निलगिरीचा ओंडका वाचला. आता तुझ्याच पत्राने तो जाणार आहे.

सुताराने त्यावर महिनाभर काम केलं. सुटी साल काढली, टोकं गोल केली, तो गडगडू नये म्हणून तिसरा हिस्सा जमिनीत पुरला. एक टोक मुलाच्या घोट्याला लागेल इतकं खाली, आणि मग तो हळूहळू वर चढत जातो. दुसऱ्या टोकाला बेचकं आहे, ते माझ्या खांद्याएवढं उंच. खाली दीड वीत लाकडाच्या ढलप्या पसरल्या आहेत. त्यावर मी स्वतः उडी मारून पाहिली, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले आणि मी मारली. आमच्या बालवाडीतल्या जुळ्यांपैकी धाकटी, जी वर्गात तोंडातून अक्षर काढत नाही, ती रोज त्या ओंडक्यावरून हातभर पुढे सरकायची आणि तशीच मागे यायची. कुणी शाबासकी देत नव्हतं, कुणी हात धरत नव्हतं. आठव्या दिवशी ती बेचक्यात जाऊन बसली. बराच वेळ बसली. मग पोटावर झोपून, पायाने चाचपत, उलटी उलटी खाली आली आणि हातपंपाकडे निघून गेली.

आणि मग त्या बुधवारचं. मी तुला ते त्याच आठवड्यात लिहिलं, कारण जीभ काही आवरली नाही. आमच्या समितीतला बसचालक कामावर जाण्याआधी गणवेशातच मुलीला सोडायला आला होता. साडेतीन वर्षांची पोर. त्याला तिचा फोटो हवा होता. त्याने तिला दोन्ही हातांनी उचललं, थेट बेचक्यात ठेवलं, आणि फोटोसाठी चार पावलं मागे गेला. पोर आधी हसली. मग तिने खाली पाहिलं. मग तिचं हसू गेलं, ती वळायला गेली, आणि पाय कुठे टेकायचा ते तिला ठाऊकच नव्हतं. हनुवटी फांदीवर आपटत खाली आली. ढलप्यांमुळे बाकी काही झालं नाही. हनुवटीला दोन टाके पडले, ते डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे घातले.

मी हातपंपापाशी उभी होते. वीस पावलांवर. धाकट्या, माझा पाय उचलला नाही. एकतीस वर्षांत कितीतरी मुलं माझ्यासमोर पडली, मी कधी जागची हलले नाही असं झालेलं नाही. त्या दिवशी मात्र सगळे धावले आणि मी उभी राहिले. नंतर मी म्हटलं की मला भोवळ आली. सगळ्यांनी मला पाणी दिलं, वारा घातला, आणि मी ते घेतलं.

बसचालकाने मुलीला छातीशी धरलं होतं आणि तो येईल त्याला सांगत होता, “मीच ठेवली वर. माझीच चूक. मीच ठेवली.” त्याला कुणी विचारलंही नव्हतं. त्याची बायको आली, तिला त्याने पहिलं वाक्य हेच सांगितलं. ती त्याला खूप बोलली आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी ते पाहत होते. माळीणबाई ओंडक्यावरचं रक्त ओल्या फडक्याने पुसत म्हणाल्या, “चढलेलं पोर उतरतं. त्याच्या हातापायांना वाट ठाऊक असते. उचलून ठेवलेल्या पोराला वाट नसते, ते तिथे अडकतं. आपण ठेवून जातो आणि पोरावर खापर फोडतो.” त्यांनी ते कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुताराने फळी कापली आणि तिच्यावर मी माझ्या वळणदार अक्षरात नियम लिहिला: ज्याला स्वतः चढता येत नाही, त्याला उचलून वर ठेवू नये. ओंडका ठेवायचा तर या नियमावर ठेवायचा, असं बहुतेकांचं मत झालं होतं.

आणि मग तुझं पत्र आलं. तुझी वाक्यं मला आता पाठ आहेत. ‘मी चार वर्षांचा असताना स्वतःचा स्वतः झाडावर चढलो. मला कुणी उचलून ठेवलं नव्हतं. तरीही पडलो, आणि आज एक्केचाळीस वर्षं डावा पाय दोन बोटं आखूड घेऊन चालतो आहे. स्वतः चढलेलं मूल सुरक्षित असतं, हा तुमचा नियम माझ्या पायाने खोटा ठरवला आहे. काही मुलं जात्याच धडपडी असतात. मी होतो. माझी मुलगी माझ्यावर गेली आहे. पुढच्या महिन्यात बदली होऊन आम्ही तिथे येऊ तेव्हा ती याच जागेत खेळणार आहे. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी विनंती करतो की तो ओंडका काढावा.’

बैठकीत ते वाचून झालं. सुतार खाली बघत होता. महिनाभराचं काम त्याचं, पण त्याने एका शब्दाने कुरकुर केली नाही. म्हणाला, ‘ज्याचं दुखलं त्याला कळतं.’ डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. एकट्या माळीणबाईंनी विचारलं, “केवढं होतं हो ते झाड? पहिलं बेचकं किती उंचीवर?” मी म्हटलं, आता आठवत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागद आवरायला लागल्या. ही कालचीच गोष्ट. म्हणजे माझं जुनं खोटं कालपर्यंत चालू होतं, आणि कालही मी त्यात भर घातली.

मला आठवतं. तुला नाही आठवणार, तू एवढासा होतास आणि नंतर किती दिवस तापात होतास. आपल्या त्या घरामागची तुती. खाली गुळगुळीत, हाताला लागेल अशी एकही खोबण नाही, आणि पहिलं बेचकं आईच्या डोक्याएवढं उंच. आई शिवणाच्या कारखान्यात जायची, बाबा छापखान्यात. दुपारी शाळेतून आले की तुला शेजारच्या आजींकडून घ्यायचं आणि आई येईपर्यंत सांभाळायचं, हे माझं काम. मी अकरा वर्षांची. तू माझ्या फ्रॉकचं टोक धरून सगळीकडे यायचास. मी तुला शेपूट म्हणायचे.

पडल्यानंतर तुझं नाव बदललं. बाबा तुला माकड म्हणायला लागले. आधी रागाने, मग लाडाने. तीन महिने तू प्लास्टरात होतास, आणि बाबा छापखान्यातून कागदाच्या कापट्या आणायचे, त्यावर तू चित्रं काढायचास आणि चुकलेलं मी खोडायचे. त्यातूनच तुझा हात बसला. तू पाहुण्यांना सांगतोस ना, ‘त्या झाडानेच मला नोकरी लावली’, आणि सगळे हसतात. मीही हसते. चार वर्षांचा पोर एवढ्या उंच झाडावर चढला ही तुझी फुशारकीची गोष्ट आहे, मला माहीत आहे. वर्गातल्या पोरांनी तुझ्या चालण्याची नक्कल केली की तू ती गोष्ट त्यांच्या तोंडावर फेकायचास. पण त्याच गोष्टीपायी बाबांनी तुला पोहायला पाठवलं नाही, सहलीला पाठवलं नाही, सायकल दिली नाही. ‘याचा भरवसा नाही, हा कुणाचं ऐकत नाही’ हे वाक्य तुझ्याबद्दल घरात इतक्या वेळा बोललं गेलं की तूही ते खरं मानलंस. शाळेच्या प्रगतिपुस्तकात शिक्षकांनी तुला शांत आणि आज्ञाधारक लिहिलं होतं. बाबा ते वाचून म्हणाले की शिक्षकांनी दुसऱ्याच कुणाचं पुस्तक आपल्याला दिलेलं दिसतं.

प्लास्टर निघायच्या आधीच बाबांनी ती तुती तोडली. त्यामुळे पुढे कुणी मोजायला गेलं नाही. आईने फक्त एकदा, कपडे वाळत घालताना, त्या बुंध्याकडे बघत म्हटलं होतं, “एवढंसं पोर एवढं वर गेलं तरी कसं.” मी तिच्या हातात चिमटे देत होते. मी पुढचा चिमटा दिला. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि गेल्या वर्षी ती गेली, त्याआधी तिच्या उशाशी बसून मी तुझं सगळं सांगायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. राहून गेलं असं म्हणते आहे, पण खरं तर वेळ भरपूर होता.

तू मागच्या खेपेला बबडीला घेऊन आलास. साडेचार वर्षांची झाली तरी तू तिला माझ्या दारातल्या दोन पायऱ्यासुद्धा उचलून चढवल्यास. पलंगावर उचलून ठेवलीस, खुर्चीत उचलून ठेवलीस. ती पाय झाडत होती आणि तू म्हणत होतास, ‘माझ्यावर गेली आहे, अजिबात भरवसा नाही.’ तुझी बायको माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं मी काहीतरी बोलेन. बालवाडीच्या बाई आहेत, सांगतील भावाला चार शब्द. मी बबडीच्या बुटांचे बंद बांधत बसले. ती पोर मला कानात म्हणाली, “आत्या, मला पायऱ्या येतात.”

म्हणून आता ऐक. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. मोठ्या मुलींनी पहिल्यांदाच मला खेळायला बोलावलं होतं. तू फ्रॉक सोडेनास. दोरीत तुझा पाय अडकला, मुली चिडल्या. मी तुला ओढत घरामागे आणलं, मोरीजवळची बादली पालथी घातली, तिच्यावर उभी राहिले आणि तुला काखेत धरून वर ढकललं. त्या बेचक्यात बसवलं. तिथून तुला उतरता येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर तिथे बसवलं. हाताला लागतील तेवढी तुती खा म्हटलं. हलू नकोस, मी आले की काढते, असं सांगितलं. बादली उचलून परत जागेवर ठेवली आणि खेळायला गेले. तू हाका मारल्यास. पहिल्या काही मी ऐकल्या, मग दोरीच्या आवाजात ऐकू येईनाशा झाल्या. तास तरी झाला असेल, जास्तच. आई आली तेव्हा तू जमिनीवर होतास आणि मी तुझ्याजवळ बसले होते. तिने विचारायच्या आधीच मी म्हटलं, “तो वर चढला.” तीन शब्द. पुढची एक्केचाळीस वर्षं मला त्यात एकही वाढवावा लागला नाही. सगळ्यांनी मिळून बाकीची गोष्ट रचली, आणि तुला वाढताना ती दिली.

शनिवारी मी हे सगळं समितीला सांगणार आहे. मग अध्यक्षबाई कोण राहील ते त्यांनी ठरवावं. ओंडका ठेवायचा की नाही तेही त्यांनीच ठरवावं, पण तुझ्या पायाचा दाखला देऊन ठरवू नये, कारण तो दाखला माझ्या खोट्यावर उभा आहे. मी हे पत्र ओंडका वाचवायला लिहीत नाही. तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा मला भेटू नये असं वाटलं तरी बबडीला तिथे आण. तिला उचलू नकोस. घोट्याएवढ्या टोकापाशी सोड आणि कडेला बस. तुझ्यावर गेली असेल तर ती खूप सावकाश जाईल, जिथे भीती वाटेल तिथून मागे येईल, आणि सांगितलेलं ऐकेल. कारण तू तसाच होतास. हे तुला कळायला हवं, आणि ते सांगू शकणारी मी एकटीच उरले आहे. म्हणूनच हे पत्र लिहिलं. तू माकड नव्हतास. तू धडपडा नव्हतास. तुला तिथे बसवलं तेव्हापासून तू हललाही नव्हतास. तुझ्या दोन्ही हातांची बोटं जांभळी होती, म्हणजे जागेवर बसून हाताला आली तेवढी तू खाल्लीस, आणि मी सांगितलं होतं म्हणून वाट पाहिलीस. तू उतरायला गेला नाहीस. मी मागच्या फाटकातून वळले, तू मला पाहिलंस, आणि मूल कडेवर घ्या म्हणून करतं तसे दोन्ही हात माझ्याकडे केलेस. मी अजून दहा पावलांवर होते. मी आले, एवढंच तुला वाटलं होतं.

तुझीच,
ताई